नऊ महिन्यांनी मोठी

बोदवडला कुंदाबाईंच्या गिरणीवर दळण घेऊन येणारी बाई एक प्रश्न हमखास विचारायची, "काय मग, आला का तुमचा नंबर?" कुंदाबाई डब्यात पीठ दाबत म्हणायच्या, "येईल. भाऊ सांगतो, येईल."

भाऊ म्हणजे त्यांचा थोरला भाऊ लीलाधर. तो न्यू जर्सीत राहिला, तिथला नागरिक झाला आणि लगोलग एकुलत्या एका बहिणीला कुटुंबासकट तिकडे नेण्यासाठी त्याने अर्ज भरला. ते साल २००५. कुंदाबाईंची मोहिनी तेव्हा आठ वर्षांची होती, तेजस चार. वेळ लागेल, एवढं लीलाधरने सांगितलं होतं. किती लागेल, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

वाट पाहता पाहता कुंदाबाईंचे यजमान रतिलाल गेले. काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत माणूस हातचा गेला. गिरणी त्यांचीच. कुंदाबाई पट्टा चढवायला शिकल्या, दगडाला टाकी लावायला शिकल्या. घरात मात्र त्यांनी नवं काहीच केलं नाही. न्हाणीघराची भिंत ओलीने फुगली तरी गवंडी बोलावला नाही. आता जायचंच आहे, मग कशाला, असं म्हणण्याची सवयच घराला लागली होती.

मोहिनीचं लग्नही असंच राहिलं. जळगावला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ती नोकरीला लागली, तेव्हा बावीस वर्षांची होती. पाचोऱ्याच्या जितेंद्रचं स्थळ आपणहून चालून आलं. मुलाचं स्वतःचं मेडिकल, माणसं साधी. पाहुणे गेल्यावर मोहिनी कपबशा विसळताना गुणगुणत होती, ते कुंदाबाईंनी ऐकलं होतं. पण लीलाधर फोनवर म्हणाला की लग्न झालं तर फाइलमधून तिचं नाव जाईल, थोडा दम धरा. कुंदाबाईंनी नकार कळवला. मोहिनी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी लॅबला गेली. जितेंद्रचं लग्न त्याच वैशाखात दुसरीकडे झालं.

नंबर लागला २०२४ मध्ये. कुंदाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पण आठवड्याभरात लीलाधरचा पुन्हा फोन आला, आणि या खेपेला त्याचा आवाज पडलेला होता. अर्ज मंजूर व्हायला सरकारला लागलेली पाच वर्षं तेवढी मुलांच्या वयातून वजा करतात, पुढची रांगेतली वर्षं नाही, आणि उरलेलं वय एकविसाच्या आत लागतं, असं वकिलाने सांगितलं होतं. तेजस त्यात बसत होता. मोहिनी नऊ महिन्यांनी मोठी भरली.

कुंदाबाईंनी गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा फिरायचा थांबला. मग त्यांनी विचारलं, "आणि मी आलेच नाही तर?"

"तर तेजसही येऊ शकत नाही," लीलाधर म्हणाला. "अर्ज तुझ्या नावावर आहे, कुंदे. तू आलीस तरच तो येणार."

त्या दिवशी जेवताना कुंदाबाईंनी जाहीर केलं की कोणीच कुठे जायचं नाही. तेजस मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिला. मोहिनीनेच शेवटी ताट बाजूला सारलं. "त्यानं काय पाप केलं, आई? त्याला घेऊन जा तू. मी काय कुठं पळून जाऊन राहिली का?"

मुंबईला व्हिसाची मुलाखत झाली. एकोणीस वर्षांच्या वाट पाहण्याला तिथे पाच मिनिटं पुरली. शेजारच्या प्रमिलाबाईंच्या मुलाला गिरणी देऊन टाकली. निघायच्या दिवशी मोहिनी विमानतळावर आली नाही. रजा मिळाली नाही म्हणाली. रजा मिळाली होती, हे कुंदाबाईंना पुढे कळलं.

न्यू जर्सीत लीलाधरने बहिणीसाठी खोली रंगवून ठेवली होती. तोही आता थकला होता. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलं लांबच्या गावी. रोज सकाळी तो स्वतः चहा करून कुंदाबाईंना हाक मारायचा आणि दोघं लहानपणीच्या गोष्टी काढून बसायची. तेजस एका गोदामात कामाला लागला. दोन महिन्यांनी लीलाधरने बहिणीपुढे नवा अर्ज ठेवला. आई म्हणून आता तिने मोहिनीसाठी तो भरायचा होता. आठ-दहा वर्षं लागतील, म्हणाला, आणि तोवर पोरीने लग्न तेवढं करायचं नाही.

कुंदाबाईंनी मोहिनीला फोन लावला. सगळं तिने ऐकून घेतलं.

"जितेंद्रच्या वेळी मी तुझ्या तोंडाकडे पाहून गप्प बसली, आई," ती म्हणाली. "आता माझं नाव कुठंच लिहू नको."

कुंदाबाईंनी सही केली नाही. उलट, तेजस राहू दे, मी परत जाते म्हणाल्या. लीलाधरला ते फार लागलं. "इतकी वर्षं मी कुणासाठी थांबलो गं?" त्याने विचारलं. त्याची काहीच चूक नव्हती, आणि तरी त्याच्या मायेपायीच पोरीचं आयुष्य अडून राहिलं होतं. हे त्याला सांगायचा धीर कुंदाबाईंना झाला नाही. विमानतळापर्यंत तो गाडी चालवत आला. उतरल्यावर बहिणीच्या बॅगेची मूठ त्याच्या हातून लवकर सुटेना.

मार्गशीर्षात मोहिनीचं लग्न झालं, लॅबमधल्याच आकाशशी. लीलाधरला डॉक्टरांनी प्रवास मना केला होता. नवरीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं, तिथे गल्लीतले भटूनाना उभे राहिले. तेजसने फोनवर लग्न पाहिलं. मंगलाष्टकांच्या वेळी त्याचा चेहरा मध्येच अडकला आणि तसाच राहिला. महिन्याभरात आकाशला नाशिकला चांगली नोकरी लागली, आणि ज्या पोरीसाठी आई परत आली होती ती पोरही गाव सोडून गेली. जाताना ती आईच्या गळ्यात पडून खूप रडली. कुंदाबाईंनी तिला अडवलं नाही.

आता घरात त्या एकट्याच असतात. वर्षाच्या आत परत गेलं नाही तर तिकडचं ग्रीन कार्ड कामाचं राहत नाही, हे त्यांना माहीत आहे. तो दिवसही जवळ आला आहे. परवा तेजसचा फोन आला होता. इथे पाच वर्षं भरली की मी इथला नागरिक होईन, म्हणाला, आणि पहिला अर्ज तुझ्यासाठीच भरीन. कुंदाबाईंनी हो म्हटलं नाही. पण त्याच्या आवाजात इतका आनंद होता की त्यांना नाहीही म्हणवलं नाही.