शेम्साचं मलम

शेम्साच्या हाताला गुण आहे, असं आमच्या डोंगरातलं प्रत्येक घर म्हणायचं, आणि ते खोटं नव्हतं. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तिची शेजारीण. स्प्रूसच्या झाडाची राळ, मेण आणि कंतारियोन या रानझुडपाची पिवळी फुलं उन्हात मुरवून लालभडक झालेलं तेल, यांचं मलम ती मंद आचेवर घोटायची. उकळत्या दुधानं भाजलेला माझ्या सासूचा हात तिनंच बरा केला.

शेम्साचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. जिवाभावाचा एकच, धाकटा भाऊ हाकिया. तो लाकूडतोड्या. त्याची बायको रासेमा.

त्या वर्षी पानगळीत कुऱ्हाड निसटून हाकियाच्या पोटरीत घुसली. शेम्सानं जखम उघडून पाहिली.

"हे खोल आहे रे. टाके घालावे लागतील. खाली शहरात जा."

"गावाच्या जखमा तू भरणार आणि सख्ख्या भावाला दवाखान्यात धाडणार? लोक हसतील तुला, ताई. गावेझचं मूळ लाव. बर्फ पडायच्या आत मला लाकडं उतरवायचीयत."

गावेझचं काळं मूळ कातडी झपाट्यानं जुळवतं. म्हणूनच ते फक्त वरवरच्या जखमेला लावायचं, हे तिला आईनं शिकवलं होतं. पण लोक हसतील, हा शब्द तिला लागला. तिनं मूळ किसून मलमात घातलं आणि पट्टी बांधली.

जखम बघता बघता मिटली. वर गुलाबी, नितळ कातडी आली. हाकिया कॉफीच्या दुकानात पँट वर करून सगळ्यांना दाखवत फिरला. मग पाय सुजला, तापला, आणि एका सकाळी तो तापाच्या भरात बरळायला लागला. शेम्सानं वस्तरा घेऊन ती कातडी कापली. आतून पू वाहिला. त्या वासानं मी अंगणात पळाले. शहरात नेलं तोवर उशीर झाला होता. पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

कुबड्या घेऊन तो परतला त्या दिवशी अख्खं गाव त्याच्या घरी जमलं होतं. सगळ्यांसमोर शेम्सा म्हणाली, "माझ्यामुळे झालं हे. वरून मिटलं, आत कोंडलं."

"गप्प बस, ताई. जखम भरली होती. सगळ्यांनी पाहिलीय. पाय डॉक्टरांनी कापला, तू नाही."

मी त्याचा चेहरा पाहत होते. तिला वाचवावं म्हणून तो बोलत नव्हता. दवाखान्यात जायला आपणच नकार दिला, हे त्याला आयुष्यभर ओठांवर आणायचं नव्हतं. लोकांना मात्र त्याचं म्हणणं पटलं. दुसऱ्या खोऱ्यातूनही माणसं शेम्साचं दार ठोठावायला लागली.

तिनं मलम करणं बंद केलं. मग रासेमानं सुरू केलं, गावेझ घालूनच. हाकिया बाकावर बसून पातेलं ढवळायचा आणि येणाऱ्याला स्वतःची गोष्ट सांगायचा. खोल जखमेचं कुणी दिसलं की शेम्सा त्याला रस्त्यातच अडवायची.

"आधी टाके घालून ये बाबा. मग काय लावायचं ते लाव."

"भावजयीचं चाललंय म्हणून हिच्या पोटात दुखतंय," लोक म्हणत. भावानं बोलणं टाकलं.

एकदा गवत कापताना विळा तिच्या तळव्यात गेला. हात फडक्यात गुंडाळून ती उतार उतरली, बस पकडली आणि टाके घालून आली. परतताना हाकियाच्या बाकावर चार माणसं बसलेली.

"बघा, स्वतःच्या हातावर स्वतःचाच भरवसा नाही," हाकिया म्हणाला. कित्येक महिन्यांत त्यानं तिच्यासमोर काढलेला तो पहिला शब्द. बाकीचे हसले.

शेम्सा थांबली. त्याच्या दुमडून टाचलेल्या पँटकडे तिनं पाहिलं. मग ती घरात गेली.

आता तिच्याकडे कुणी येत नाही. रासेमाच्या दारात मात्र रविवारी वाट नसते, इतक्या गाड्या उभ्या असतात.