मरणावर बांधायचं नाही

जाड पुस्तकांचा मला मनापासून राग आहे. कॉलेजात मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि प्रेम केलं ते लघुकथेवर. दहा पानांत ज्याला सांगता येत नाही त्याला हजार पानांत तरी काय सांगता येणार, असं माझं मत, आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. त्यामुळे माझा थोरला भाऊ म्हातारपणी राजे, किल्ले, चेटूक आणि बोलणारे पक्षी असलेल्या पाच भागांच्या एका कादंबरीच्या नादी लागला, तेव्हा पोरकटपणा आहे म्हणून मी मोकळी झाले.

दादानं नेवाशाच्या कोर्टात कारकुनी केली. कागदातली चूक त्याला लांबून दिसायची आणि दिसली की गप्प बसवायचं नाही. निवृत्तीनंतर साखरेनं आधी त्याचे डोळे नेले, मग किडन्या. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला नगरला न्यावं लागायचं. त्याचा मुलगा पुण्याला, म्हणून गाडी मी चालवायची. कादंबरी मुलानंच पाठवली होती, एकेक भाग मराठीत येईल तसा तो पाठवायचा. चार तास मशीनला जखडून पडायचं तर कानाला काही तरी हवं, एवढाच त्यामागचा विचार. वाचून दाखवायला माझी वहिनी.

आता वहिनीचं सांगायचं तर तिनं जन्मभर वाचल्या त्या पोथ्या. तिच्या माहेरी श्रावणात पोथी लागायची आणि तिथला एक नियम तिच्या हाडात भिनलेला होता. युद्ध असो, वध असो, त्या दिवसाचं वाचन मरणावर थांबवायचं नाही. पुढं जायचं. कुणाचा जन्म, कुणाचं लग्न, कुणी सुखरूप घरी परतलं, निदान कुणी पोटभर जेवलं, अशी ओळ येईपर्यंत वाचायचं आणि मगच पोथी फडक्यात बांधायची. नाहीतर ते मरण ऐकणाऱ्याच्या घरी मुक्कामाला येतं. हा नियम तिनं जसाच्या तसा त्या कादंबरीला लावला. पुस्तक लाल फडक्यातून काढायचं, प्रकरणाला अध्याय म्हणायचं आणि संपवताना जेवणाची ओळ शोधायची.

मी हसले होते. कारण त्या कादंबरीत माणसं पटापट मरायची. मशीन थांबलेलं, सुया काढायला टेक्निशियन येऊन उभा, आणि वहिनी बोटानं ओळ धरून त्याला म्हणायची, "थांब बाबा, अजून कुणी जेवलं नाही."

तो वॉर्ड म्हणजे एक लांब खोली, दोन्ही बाजूंना पलंग आणि प्रत्येकाच्या उशाशी घरघरणारं मशीन. दादाच्या उजवीकडे पाथर्डीकडचे एक मुकादम असायचे, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे. डावीकडे काष्टीच्या एक निवृत्त शिक्षिका. वहिनी वाचायची दादासाठी, पण थोड्याच दिवसांत मुकादम म्हणाले, "वैनी, जरा मोठ्यानं वाचा. मशीनच्या घरघरीत राजा काय बोलला ते कळंना."

तिथून वादाला तोंड फुटलं. काष्टीच्या बाई माझ्या पंथाच्या. "हे सगळं तीनशे पानांत आटपलं असतं," त्या म्हणायच्या, "ह्याला कात्री लावणारं कुणी भेटलंच नाही." मेजवानीची वर्णनं आली की त्या विशेष चिडायच्या. "आम्हाला दिवसाला पाणी मोजून मिळतं, आणि हे लोक दीड पान नुसतं सरबत पितायत." मला त्या फार आवडायच्या.

मुकादमांचं मत अगदी उलटं. "बाई, आमी टोळी घेऊन कर्नाटकात जायचो. दिवाळीला निगायचं, उनाळा लागला की माघारी. निम्म्यातनं कोन परत येतं का? ही गोष्ट बी तशीच हाय. लांबचा फड हाय, पर आता गाड्या जुंपल्यात."

दादा दोघांनाही उत्तर देत नसे. त्याला फक्त एक ओळही गाळलेली चालायची नाही. डोळे मिटून पडलेला असायचा, झोपला असं वाटायचं, आणि वहिनीनं एखादा परिच्छेद उडी मारून ओलांडला की म्हणायचा, "मागं जा. खिंडीतला पहारेकरी राहिला."

एकदा मी हट्टानं माझ्या आवडीची एक लघुकथा नेली आणि स्वतः वाचली. छान वाचली, असं मला वाटलं. संपल्यावर मुकादमांनी डोळे उघडून विचारलं, "झाली?" मी हो म्हटलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "आन आता काय करायचं?" अजून निम्म्याहून जास्त वेळ जायचा होता. वहिनीनं लाल फडकं सोडलं. मला लागलं ते, खरं सांगते. त्या पलंगावरच्या माणसांना शेवट नको होता, पुढं काही तरी आहे एवढं हवं होतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या भागात एकडोळ्या सेनापती होता. मुकादमांचा जीव त्याच्यावर. सैन्याच्या आधी स्वतः पाण्यात उतरणारा, ही त्यांना पटणारी गोष्ट. त्या दिवशी सेनापतीचं सैन्य पुराच्या नदीतून पलीकडे जात होतं. मध्यावर घोड्याचा पाय सुटला, पाणी सेनापतीच्या छातीशी आलं, मग गळ्याशी, मग फक्त त्याचा हात वर दिसत राहिला आणि तोही दिसेनासा झाला. वहिनी पान उलटणार तेवढ्यात मुकादमांचं मशीन वाजायला लागलं. त्यांचा बीपी पडला होता. सिस्टर धावल्या, पडदा ओढला, नातेवाइकांना बाहेर काढलं. वहिनीच्या हातातलं पुस्तक तसंच मिटलं गेलं.

परत येताना ती इमामपूर घाटात म्हणाली, "वन्सं, गाडी बाजूला घ्या." मी घेतली. ट्रक हॉर्न देत जात होते आणि ती मागच्या सीटवर मोठ्यानं वाचत होती. सैन्य पलीकडे पोचलं, चुली पेटल्या, सेनापतीवाचून लोक जेवले. तिनं पुस्तक बांधलं. दादा म्हणाला, "झालं ना आता?" ती म्हणाली, "आपण ऐकलं हो. पण मुकादमांनी कुठं ऐकलं?"

पुढच्या खेपेला त्या पलंगावर एक तरणाताठा माणूस होता, कानाला मोबाईल लावलेला. टेक्निशियननं आमच्याकडं न बघता सांगितलं, मुकादम त्याच रात्री गेले. काष्टीच्या बाईंनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "वाचा."

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. त्या आजारात माणसं जातात, पुस्तकाचा त्याच्याशी काय संबंध, हे मी वहिनीला समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून ती घरी आधी वाचून यायला लागली. जिथं थांबणं चालेल तिथं पानांत लाल दोरा ठेवायची. आत दोरे दिसले की मलाही बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याची भीती वाटायची. तिसऱ्या भागात दोरे पुष्कळ होते. चौथ्यात ते लांब लांब गेले. एकदा मी मुद्दाम मोजायला म्हणून पानं चाळली आणि अर्ध्यात सोडून दिलं.

दादा तिकडे कमी कमी होत होता. पायावर सूज, हातावर शिरांच्या गाठी, सुई नीट लागायची नाही. डॉक्टर हृदयाबद्दल काही तरी बोलले, ते वहिनीला मी अर्धंच सांगितलं. चौथा भाग संपला त्या दिवशी दादा गाडीत म्हणाला, "पाचवा आला की बास. मला शेवट ऐकायचाय. तेवढं झालं की तुम्ही मला कुठंही न्या." वहिनीनं खिडकीची काच वर केली.

पाचवा भाग कुरिअरनं आला तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरातच बसले होते. दादा आत झोपलेला. वहिनीनं हात धुतले, पुसले, पुडकं फोडलं आणि पुस्तक शेवटाकडून उघडलं. ओट्याला टेकून उभ्यानंच वाचत राहिली. गॅसवरचं दूध उतू गेलं, ते मी उतरवलं. ती एकेक पान मागं जात होती, आधीचं, त्याच्या आधीचं. मग पुस्तक मिटून तिनं फडक्यात घट्ट बांधलं आणि गव्हाच्या कोठीचं झाकण काढून आत खोल खुपसलं. हात कोपरापर्यंत गव्हात होता.

"कुणी जेवत नाही हो शेवटी, वन्सं," ती म्हणाली.

ती देवळात गेली असताना मी ते गव्हातून काढलं. जन्मभर मराठी शिकवलेली बाई मी, तिच्या नजरेतून एखादी ओळ सुटली असेल, असं मला वाटत होतं. नव्हती सुटली. किल्ल्याचं दार आतून बंद होतं, नदी चढत जाते, आत उरलेली माणसं एकमेकांना नावानं हाका मारतात, आणि एकेक हाक कमी होत जाते. शेवटच्या पानावर फक्त पाणी आहे. एवढा अघळपघळ लेखक, पण तिथं त्यानं एक शब्द जास्त लिहिलेला नाही. शेवट उत्तम होता, आणि म्हणूनच मला तो कुणाच्याही कानावर पडायला नको होता. मी पुस्तक पुन्हा गव्हात पुरलं.

वहिनीनं दादाला सांगितलं, अजून छापायचं चाललंय. आणि पहिला भाग पुन्हा सुरू केला. मला वाटलं काष्टीच्या बाई आता तरी वैतागतील. त्यांचा चेहरा तोवर पार उतरला होता, आवाज बारीक झाला होता. त्या म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून? बरं. मेजवानीचं पान गाळू नका मात्र."

एकदा घोडेगावला वहिनी भाजी घ्यायला उतरली. गाडीत मी आणि दादा. तो म्हणाला, "पुस्तक आलंय ना? पोरानं फोनवर विचारलं, मिळालं का म्हणून."

"आलंय."

"कुठंय?"

"गव्हात."

तो थोडा हसला. वहिनी रस्त्यापलीकडे कांद्याचा भाव करत होती, त्याला ती दिसत नव्हती पण त्याचं तोंड तिकडेच होतं.

"तू वाचलंस?"

"वाचलं."

"कुणी जेवतं का शेवटी?"

मला खोटं बोलायला हवं होतं. त्याच्याशी मला कधी जमलं नाही. "नाही," मी म्हटलं.

"मग राहू दे गव्हात," दादा म्हणाला. "तिला सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून."

त्यानंतर आम्ही तिघंही एकाच गाडीतून एकच गोष्ट लपवत जायचो.

फिरून पुन्हा दुसरा भाग आला. ती नदी आली तेव्हा मला आधीच कळलं होतं की आज वेळ पुरणार नाही. सुरुवातीलाच दादाची सुई दोनदा काढून पुन्हा लावावी लागली होती, त्यात वाचन उशिरा सुरू झालं, आणि पुढच्या पाळीसाठी मशीन ठरल्या वेळीच थांबणार होतं. मशीनवर शेवटच्या मिनिटांचे आकडे दिसायला लागले आणि सेनापतीच्या घोड्याचा पाय सुटला. पाणी छातीशी आलं, गळ्याशी आलं. वहिनी क्षणभर थांबली. मग तिनं बोट ओळीवर ठेवूनच, आवाज न बदलता वाचलं, "तेवढ्यात सेनापतीच्या हाताला काठावरचं झाड लागलं. तो वर आला. सैनिकांनी त्याला कोरडं घोंगडं दिलं आणि गरम भाकरी दिली."

पुस्तकात असं काही नाही. मी दादाकडं पाहिलं. खिंडीतला पहारेकरी सुटलेला न चालणारा हा माणूस, आता उठून बसेल, म्हणेल मागं जा, काय वाचतेस. वहिनीही वाट बघत होती. मला कळलं की तिनं ते त्याच्यासाठीच वाचलं होतं, त्यानं भांडावं म्हणून. काष्टीच्या बाईंनी डोळे उघडले नाहीत. वहिनीनं तेच वाक्य पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. सेनापती वर आला.

मशीन थांबलं. दादा डोळे मिटूनच म्हणाला, "जेवला?"

"जेवला," वहिनी म्हणाली.

"मग बांध."

मांडीवरचं लाल फडकं तिनं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. मग पान उलटलं आणि ती पुढचं वाचायला लागली. टेक्निशियन सुया काढायला येऊन उभा होता. मी त्याला हातानं थांब म्हणून सांगितलं.