पाहुणे बोलावणारी चूल

माझ्या सासूबाई तुळसाबाई म्हणजे चुलीच्या डॉक्टर. मेडशीत कुणाची चूल धुपली की यांना बोलावणं येतं, आणि या हातातली मेथीची जुडी टाकून निघतात. आधी त्या घरच्या बाईकडे रागानं बघतात, मग चुलीकडे. आत राख गळ्यापर्यंत भरलेली, वर लाकडं कोंबलेली. "तिले दम तं घेऊ दे," म्हणत राख ओढतात, दोन लाकडं बाहेर काढतात, उरलेल्यांखाली हवेला वाट करून देतात, आणि फुंकणीच्या एका फुंकरीत जाळ उभा करतात. मग चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत.

आमच्याकडे गॅस आहे, पण चहापुरता. गॅसवरची भाकर म्हणजे सासूबाईंच्या मते नुसता कागद. लग्न होऊन आले तेव्हा या चुलीनं मला इतकं रडवलं, की शेजारणींना वाटलं सासुरवास सुरू झाला. हळूहळू शिकले. तुरीच्या वाळक्या तुराट्यांनी पेटवायची, बाभळीनं टिकवायची, भाकर निखाऱ्यावर फुगवायची. एक गोष्ट मात्र सासूबाईंनी शिकवली नाही, ती म्हणजे जाळ फुरफुरतो कशानं.

जाळ फुरफुरला की पाहुणे येतात, हे आमच्याकडे सगळेच मानतात. पण आमची चूल नेमकी मी माहेरी निघाले की फुरफुरायची. सासूबाई लगेच म्हणायच्या, पाव्हणे येऊन राह्यले, आता घरची सून जाईन कशी? आणि पाहुणे यायचेही. ज्याचं घर एसटीच्या थांब्यासमोर, त्याच्याकडे पाहुणा न येऊन करील काय? माझा नवरा पवन पहाटेच वांगी घेऊन वाशीमच्या बाजारात गेलेला असायचा, त्यामुळे दाद मागायलाही कुणी नाही.

यंदा मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. अनसिंगला माझ्या भावाच्या, धीरजच्या, मुलीचं बारसं होतं आणि मी तिची एकुलती एक आत्या. आत्याच नसेल तर पाळण्यातल्या पोरीच्या कानात नाव सांगणार कोण?

बारशाच्या सकाळी चुलीजवळच्या रांजणामागं झाडताना ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या बाभळीच्या हिरव्या काड्या हाताला लागल्या. लाकूड ओलं असलं की त्याच्या पोटातलं पाणी जाळात फुरफुरतं, एवढं आता मलाही कळत होतं. आधी असा संताप आला, आणि मग असं हसू फुटलं, की पदर तोंडात कोंबावा लागला. मी त्या काढून तेवढ्याच जाडीच्या वाळक्या काड्या त्यात गुंडाळल्या आणि पोतं जसंच्या तसं ठेवलं. सासूबाई पाठीमागं हात घालून, न बघताच काडी ओढत असणार, म्हणून मला धास्ती नव्हती.

पिशवी घेऊन मी दारात उभी राहिले. सासूबाई भाकर थापत होत्या. हात मागं गेला, एक काडी चुलीत गेली, आणि तूप ओतल्यासारखी पेटली. दुसरी गेली, तिसरी गेली. जाळ तव्यावर चढला, भाकर करपली, पण चूल काही बोलेना. सासूबाईंनी तवा उतरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"लाकडं तू बदलले?"

"हो."

आता आकाशपाताळ एक होणार म्हणून मी पदर खोचला. पण त्या खाली बघून म्हणाल्या, "मले एकटीले घास जात नाही, सुचिता. म्हणून करतो मी असं."

माझा भांडायचा आवेश जागच्या जागी जिरला. एवढी वर्षं मी यांना नुसतं खाष्ट समजत होते, याचं फार वाईट वाटलं.

"मंग आधी सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं थांबली असती?"

"नाही," मी म्हटलं. "तुमाले संग घेऊन गेली असती."

सासूबाईंनी जळती लाकडं ओढून त्यांच्यावर पाणी मारलं, मग नवं लुगडं नेसल्या आणि माझ्याआधी थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

खिडकीची जागाही त्यांनीच घेतली. वाशीमला गाडी बदलून अनसिंग येईपर्यंत पोरीचं नाव काय ठेवायचं हेही ठरवून टाकलं. धीरजच्या मनात भलतंच नाव होतं, पण कानात सांगायचा मान आत्याचा. पाळण्यावर वाकले तेव्हा सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी मुकाट्यानं ज्योत्स्ना म्हणाले.