राखेवर वाघाचं पाऊल वाजत नाही

मंडळी, आज पहाटे मी मोहाच्या झाडाला हात जोडून उभा होतो. फुलं वेचण्याआधी नमस्कार करायची आमच्या घरची रीत आहे. सुनंदावहिनी मात्र खाली वाकून वेचायलाही लागल्या होत्या.

"भाऊजी, तुमचं देवाचं होतवरी माही टोपली भरून जाईन," त्या हसल्या.

तेवढ्यात मागून वाघाने त्यांचा खांदा धरला. मी ओरडत कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या तोंडावर हाणत राहिलो. वहिनींचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्याने सोडलं तेव्हा वेचलेली सगळी फुलं रक्तात भिजली होती.

डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल, हाताचं सांगता येत नाही. शुद्धीवर आल्यावर वहिनी एवढंच बोलल्या, "पाला वाजलाच नाई, भाऊजी. वाजला असता त मी उठली असती."

खरं आहे. फुलं नीट दिसावीत म्हणून आम्ही सगळेच झाडाखालचा पाला जाळतो. वाघाची वर्दी देणारा पाला आम्हीच जाळून टाकतो, आणि वर त्याच राखेत वाकून बसतो. तुमच्या गावात अजून जाळता का?

भावाला दवाखान्यात बसवून मी भर दुपारी गावातल्या चौघांना घेऊन परत गेलो. घरातली जुनी लुगडी जोडून मोहाखाली कमरेएवढ्या उंचीवर बांधली. आता फुलं त्यातच पडतील, वाकायला नको. मग जंगलातला सुका पाला आणून झाडाभोवती पसरला.

त्यावरून चालून पाहिलं. चांगला वाजतो.