दुपारचा पाय

कारखान्यात त्याला सगळे कासव म्हणत. तेवीस वर्षं तो एकच काम करत होता. नव्या इंजिनाची गाडी घ्यायची, कारखान्यामागच्या सहा किलोमीटरच्या गोल रस्त्यावर ठरल्या वेगानं फिरवायची, आणि एका लिटरमध्ये ती किती चालली ते सांगायचं. एका फेरीत दहा वेळा थांबायचं, दहा वेळा निघायचं. रस्ता कुठंच जात नव्हता. त्यावर त्यानं आतापर्यंत किती किलोमीटर काढले, हे एकदा कुणीतरी हिशेब करून सांगितलं होतं. त्यानं ते ऐकून घेतलं आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला.

शक्ती आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, मोजायला माणूस लागत नाही. गाडी रोलरवर चढवायची, साखळ्यांनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची, की आकडे यंत्रच देतं. रस्त्यावरचं ॲव्हरेज मात्र पायातून येतं. पेडलवर पाय जरा जास्त पडला की आकडा घसरतो. कासवाचा पाय असा की कॅन्टीनमधले म्हणायचे, "याच्या हाती दिली तर गाडी वासावरसुद्धा चालेल." टाकी भरायची त्याची रीतही ठरलेली होती. जमिनीवर रंगवलेल्या चौकटीत गाडी उभी करायची, डिझेल गळ्यापर्यंत भरायचं, फेस बसेपर्यंत थांबायचं, गाडी दोन्ही बाजूंनी हलवून अडकलेली हवा बाहेर काढायची आणि मग पुन्हा काठोकाठ भरायचं. घाई केली की फेसच डिझेल म्हणून मोजला जातो.

त्या महिन्यात दोन इंजिनांची तुलना चालली होती. दोन्ही दीड लिटरची. जुन्याची शक्ती एकशे पाच, टॉर्क दोनशे चाळीस, तोही इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेईल तेव्हा. नव्याची शक्ती पंचाण्णवच, पण टॉर्क दोनशे सत्तर, आणि तो पंधराशे फेऱ्यांनाच हाताशी येणारा. नवं इंजिन मॅडमनी बनवलं होतं. मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या, बोलताना बोटांनी टेबल वाजवणाऱ्या. या इंजिनात त्यांची तीन वर्षं गेली होती.

"काका, शक्ती म्हणजे किती पळतं. लोक पळतात कुठं? भरलेली गाडी घेऊन चढ चढतात, सिग्नलला थांबतात, पुन्हा निघतात. तिथं टॉर्क लागतो. लवकर मिळाला की पेडल कमी दाबावं लागतं, म्हणजे डिझेल कमी."

"खरं आहे," तो म्हणायचा. चालवताना त्यालाही ते जाणवत होतं. नवं इंजिन कुरकुर न करता उठायचं.

पण आकडा उलटा येत होता. जुनं बावीस, नवं एकवीस पूर्णांक एक. आठवडाभर रोज तेच. साहेब कागद बघून म्हणाले, "शक्ती कमी, वर पिणार जास्त. असला जावई कोण घरात घेईल? शुक्रवारच्या बैठकीत हे इंजिन बंद करू."

मॅडम कागदाकडे बघत होत्या. बोटं टेबलावर होती, वाजत नव्हती.

त्या बुधवारी संध्याकाळी कासव कोपऱ्यावरून दूध घेऊन घरी आला. बायकोनं दार उघडलं आणि ती त्याच्या पायांकडे बघत राहिली.

"अहो, एक चप्पल कुठंय?"

त्यानं खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता, टाचेला खडी चिकटलेली.

"वाटेत पडली असेल."

"पडली असेल? आणि तुम्हाला कळलं नाही? पाय तुमचाच आहे ना, की तोही कारखान्यात ठेवून आलात?" ती हसली, मग हसायची थांबली. "किती दिवस असं होतंय?"

"दुपारनंतर होतं. बसून बसून कमरेतली नस दबते. सकाळी ठीक असतो."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तो तसाच हातात दूध धरून उभा राहिला. जुनं इंजिन सकाळी, नवं दुपारी. कारखान्याची ही जुनी रीत होती. दुपारचं ऊन, दुपारचा वारा, या सगळ्याची वजाबाकी करायला सूत्र होतं. त्याच्या पायाची वजाबाकी कुठल्याच सूत्रात नव्हती. कासव सकाळी आणि दुपारी सारखाच, हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. त्यानंही.

"अहो, दूध द्या इकडं," बायको म्हणाली.

गुरुवारी त्यानं कुणाला न सांगता क्रम उलटा केला. सकाळी नवं इंजिन काढलं. टाकी भरली, फेस बसू दिला, गाडी हलवली, पुन्हा भरली. तेवीस पूर्णांक दोन. जेवणानंतर जुनं घेतलं. चौथ्या फेरीला त्यानं मुद्दाम पायाकडे लक्ष दिलं. तिथं काहीच नव्हतं. गाडी मात्र पुढं जात होती, म्हणजे पाय दाबत होता. किती, ते त्याला कळत नव्हतं. थांबून निघताना इंजिन उगाच मोठ्यानं ओरडलं आणि ते त्यानं दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं ऐकलं. आकडा आला वीस पूर्णांक एक.

निवृत्तीला चार वर्षं होती. त्याला दुसरं काही येत नव्हतं. कागद खिशात ठेवून तो बराच वेळ त्या रंगवलेल्या चौकटीत उभा राहिला. गप्प बसलं तर शुक्रवार निघून जाईल, एक इंजिन बंद होईल; इंजिनं बंद होतच असतात. मॅडम तरुण होत्या, दुसरं करतील. हे सगळं त्यानं मनाशी नीट म्हणून पाहिलं. त्याचा त्याला कंटाळा आला.

शुक्रवारी बैठकीत त्यानं तो कागद साहेबांपुढं ठेवला.

"हे काय? उलटं का चालवलंत?"

"साहेब, इंजिन पीत नाही. मी पाजतोय. दुपारनंतर माझ्या उजव्या पायाला काही कळत नाही."

मॅडमनी कागद ओढून घेतला, दोन्ही आकडे पाहिले आणि मग त्याच्याकडे. "काका, तुम्ही काल नुसता सकाळचा आकडा दिला असता तरी चाललं असतं."

"अर्धाच आकडा कसा देऊ?"

"आजपासून गाडी चालवायची नाही," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "दोन्ही इंजिनं दुसरा चालक पुन्हा चालवेल, क्रम बदलून. नवं इंजिन तोवर चालू राहू दे." मग ते थांबले. "कासव, हे कधीपासून आहे?"

चप्पल परवा पडली. पण पाय कधी गेला? वर्षापूर्वी? दोन? मागच्या वर्षी एक इंजिन असंच दुपारी चाललं होतं, आकड्यात असंच खाली आलं होतं आणि बंद झालं होतं. ते बनवणारा माणूस नंतर नोकरी सोडून गेला. त्याच्या निरोपाच्या चहाला कासव गेला होता, आणि "होतं असं कधीकधी" असं त्याला म्हणाला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला.

सोमवारपासून त्याला कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. खोलीला एक खिडकी, टेबल, आणि भिंतभर फायली. काम असं की मागची प्रत्येक चाचणी काढायची आणि कोणती गाडी जेवणानंतर चालवली होती ते पाहून तिथं लाल खूण करायची. खिडकीतून गोल रस्त्यावरच्या गाडीचा आवाज येत होता. नवा चालक निघताना जरा जास्त दाबत होता.

पहिली फाईल त्यानं उघडली. अक्षर त्याचंच होतं. पानं कोरडी होती, एकमेकांना चिकटलेली. दर अर्ध्या तासानं तो उठून उभा राहायचा, उजवा पाय जमिनीवर आपटून बघायचा, आणि पुन्हा बसून पुढचं पान उलटायचा.