शेजारची मोकळी जागा

चूक माझीच होती. भिलाईतल्या प्रत्येक रॉक शोला दिसणारा तो म्हातारा गर्दीत आपल्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवायचा. लोकांना हिंदीत सांगायचा, "थोड़ा हटके भैया, लड़का खड़ा है." मग त्या रिकाम्या जागेकडे वाकून घरच्या मराठीत विचारायचा, "स्टेज दिसून राहिलं न, बाबू?"

एकदा मी हसत तिथे घुसलो. "काका, इथं तर कोणीच नाही!" तेवढ्यात मानेला कुणाचा तरी गार श्वास लागला आणि नाहीसा झाला.

"गेला न तो," म्हातारा एवढंच म्हणाला.

पुढच्या शोला तो गर्दीत दबून एकटाच उभा होता, जागा मागतच नव्हता. मी लोकांना मागे सारून त्याच्या शेजारी जागा केली आणि तिच्याकडे वाकून म्हणालो, "माफ कर बाबू, मले तू दिसला नव्हता."