गाऱ्हाण्याचं गाणं

वैभववाडीच्या स्टेशनावर बाबांनी माझी गिटार खांद्यावरून उतरवलीच नाही. १९९८ साल. कोकणात रेल्वे नवी होती, फलाटावर प्रवाशांपेक्षा बघे जास्त. एकाने विचारलं, "दाजीनू, भजनाक चललास?" बाबा म्हणाले, "मी खंय? माजो झील चललो, मुंबयक. गाणी करूक." जन्मभर होडीवर जाळी ओढलेल्या माणसाने हे इतक्या ऐटीत सांगितलं की मलाच लाजल्यासारखं झालं. आई तेवढी रडत होती. गाडी हलली तेव्हा बाबांनी गिटार दारातून आत सारली.

आपल्या गावी, जामसंड्यात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं इथे मुंबईत येऊन पडलेल्यांनो, तुम्हाला वाटतं माझं सोनं झालं. सकाळी साबणाच्या जाहिरातीत वाजवायचं, दुपारी कुणाच्या तरी गझलेमागे, संध्याकाळी बँडबरोबर मेटल. ब्लूज म्हणा, फंक म्हणा, सगळं हातात बसलं. लोक मला हरहुन्नरी म्हणतात. म्हणजे सांगाल त्याच्यासारखा वाजवणारा. स्वतःची गाणीही पुष्कळ लिहिली, ती कुत्र्यानेही हुंगली नाहीत.

चाललं ते एकच. आपल्याकडे कुणी आजारी पडो की नवी होडी पाण्यात जावो, नारळ ठेवून एक जण देवाला गाऱ्हाणं घालतो, आणि जमलेले प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा!" म्हणतात. आमच्या वाडीत तो मान बाबांचा. मी त्या चालीवर गिटारचं खरखरतं डिस्टॉर्शन चढवलं, खाली ड्रम्स घातले आणि मागण्या शहरातल्या केल्या. घरमालकाक बुद्धी दी रे म्हाराजा! बॉसाक ताप येवंदे रे म्हाराजा! ज्यांना मालवणी ओ की ठो कळत नव्हतं, ती कॉलेजची पोरंही उड्या मारत "व्हय म्हाराजा!" ओरडायची. बाबांना आधी फोनवर विचारलं होतं. ते पोट धरून हसले. "गाऱ्हाणा काय माज्या एकट्याचा आसा? घाल तुज्या गाण्यात." गाणं टीव्हीवर आलं तेव्हा त्यांनी अख्ख्या वाडीला घरात बसवून दाखवलं.

२००९मध्ये बाबांना अर्धांगवायू झाला. मी धावत गेलो. बोलणं गेलं होतं, उजवी बाजू लुळी. अंगणात त्यांची खाट आणली, पानावर नारळ ठेवला, माणसं जमली. घालणाराच खाटेवर, मग गाऱ्हाणं घालणार कोण? शेजारचे आबा म्हणाले, "तूच घाल रे. तुज्यासारख्या आता कोणाक जमता?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो तुजो लेकरू आजारी पडलोसा..." आणि वाडीतल्या पोरांनी "व्हय म्हाराजा!" दिलं ते गाण्यातल्यासारखं, ठेक्यात, दोनदा. मी लय मोडायला गेलो, शब्द लांबवले, मध्येच थांबलो. छे. माझाच पाय खाली ताल धरत होता. घरमालकाच्या जागी बाबांचं नाव आलं तेव्हा मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि आबांनी डोळे वटारले. मी तसंच पुढे रेटलं. तेका उठव रे म्हाराजा. तेका बोलता कर रे म्हाराजा. जीव तोडून मागत होतो हो! खाटेकडे पाहिलं तर बाबांचा चालता अर्धा चेहरा कौतुकाने हसत होता. त्यांना वाटलं, मी त्यांना गाणं म्हणून दाखवतोय.

आंबे उतरायच्या आत ते गेले.

अजूनही कार्यक्रमात त्या गाण्याची फर्माईश होते आणि मी ते वाजवतो, पोट आहे ना. गावी गेलो की आई नारळ हातात देते, देवळात पाठवते. मी तो देवापुढे ठेवतो आणि उभा राहतो. तोंड उघडलं की आत ड्रम्स सुरू होतात, म्हणून उघडतच नाही. परत आलो की ती विचारते, "काय मागलंस रे?"

"तुज्यासाठी आयुष्य मागलंय," मी सांगतो. ती समाधानाने आत जाते. मी काहीच मागितलेलं नसतं.